राष्ट्राने गौरविलेल्या आपल्या गायिका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी पाककृती येतात, विणकामाचे नमुने येतात, हळदीकुंकवाचा आणि सहलीचा वृत्तांत येतो. यंदा इतिहासावरही कोणी तरी चार शब्द लिहावेत असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मला सांगता यावयाच्या नाहीत. म्हणून जो इतिहास मला घरातला वाटतो, तोच सांगते. दिल्लीस संगीत नाटक अकादमी म्हणून एक राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या वतीने देशातील थोर कलावंतांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार दिले जातात. हा मान आपल्या मराठी बोलणाऱ्या मुलखातील ज्या गायिकांना मिळाला, त्यांची ही हकीकत आहे.

भगिनींनो, गाणे आपल्या घरात केव्हा नव्हते? जात्यावर ओव्या होत्या, पाळण्याजवळ अंगाई होती, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी होती. लग्नात तर गाण्यावाचून हळदसुद्धा लागत नसे. हे सारे गाणे बाईचेच. परंतु तीच बाई तंबोरा घेऊन चारचौघांत बसली की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. माझ्या आत्याचा गळा फार गोड होता. माहेरी ती पेटीवर बोटे ठेवून सूर धरीत असे. सासरी गेल्यावर तिने पेटीची गोष्ट काढली, तेव्हा "घरंदाज बायका काय पेटीवर गातात?" एवढे एकच वाक्य तिला ऐकविण्यात आले. पुढे ती आरतीखेरीज कधी गायली नाही. असे प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात घडले असतील. म्हणून या पुरस्काराकडे मी केवळ एक समारंभ म्हणून पाहत नाही. गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची समाजाची नजर कशी बदलत गेली, ते त्या पुरस्कारांच्या यादीत वाचावयास मिळते.

प्रथम या संस्थेविषयी थोडेसे. संस्थानिक गेले तसा गवयांचा व वादकांचा राजाश्रय सुटला. बडोदे, कोल्हापूर, ग्वाल्हेर, म्हैसूर अशा दरबारांनी ज्यांना पोसले, त्यांनी आता कोणाच्या दारी जावे, असा प्रश्न उभा राहिला. स्वतंत्र झालेल्या देशाने ती जबाबदारी आपली मानली. संगीत, नृत्य आणि नाट्य यांसाठी अकादमी स्थापन करण्याचा ठराव १९५२ साली झाला. २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते संसद भवनात तिचे उद्घाटन झाले. हेच राजेंद्रबाबू, ज्यांनी आपल्या तुकडोजी महाराजांना 'राष्ट्रसंत' म्हणून गौरविले. अकादमीच्या पहिल्या सचिव निर्मला जोशी या एक स्त्री होत्या, हेही आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुरस्कारांच्या यादीत पहिले वर्ष १९५२ चे आहे. त्या वर्षी संगीतातील चार थोर पुरुषांचा गौरव झाला. उत्तरेकडील सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ व गायक उस्ताद मुश्ताक हुसेन खाँ, तसेच दक्षिणेकडील गायक अरियाकुडी रामानुज अय्यंगार आणि वीणावादक कराइकुडी सांबशिव अय्यर. चौघेही आपापल्या विद्येचे महामेरू. परंतु दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५३ साली, हिंदुस्थानी गायनाचा पुरस्कार एका बाईला मिळाला. त्या म्हणजे केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यातील फोंडे महालातल्या केरी या गावचा. देवळाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या गाणे करणाऱ्या समाजात त्या जन्मल्या. या समाजातील बायकांच्या गळ्यात विद्या होती, पण पदरात मान नव्हता. त्यांचे गाणे ऐकावयास लोक रात्र रात्र जागत आणि सकाळी त्यांची ओळखही दाखवीत नसत. केसरबाई लहानपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे आणि भास्करबुवा बखले यांचीही तालीम त्यांना मिळाली. पण त्यांचे खरे शिक्षण १९२१ पासून झाले, ते जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यापाशी. त्या वेळी केसरबाई जवळजवळ तिशीच्या होत्या. आपण त्या वयात पोराबाळांच्या शाळेच्या चिंतेत असतो. त्या वयात त्यांनी स्वरापासून पुन्हा आरंभ केला. एकच तान दिवसेंदिवस घोटून घ्यावयाची, गुरूंच्या मनास येईपर्यंत पुढचा पाठ नाही, अशी ती जुनी तालीम. पुढे केसरबाईंचे नाव देशभर झाले आणि कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना 'सुरश्री' ही पदवी दिली. बोलण्याचालण्यात त्या फार करारी होत्या, बिदागीच्या बाबतीत तडजोड नाही आणि गाताना श्रोत्यांची कुजबूजही खपावयाची नाही, असे त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवले आहे. मला त्यात गर्व दिसत नाही. ज्या बाईला समाजाने फुकटात मोडीत काढले असते, तिने आपली किंमत आपणच ठरविली.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९५३ साली केरी हे गाव पोर्तुगिजांच्या राज्यात होते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे ज्या देशाने केसरबाईंना मान दिला, त्या देशात त्यांचे जन्मगाव अद्याप यावयाचे होते. आणि आपले शहापूर? आपला भंडारा जिल्हाही त्या साली मध्य प्रदेश राज्यात होता. तो १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. नकाशावरच्या रेघा अशा हलत होत्या. सूर मात्र त्यांच्याआधीच इकडून तिकडे पोचला होता.

या मानाची किंमत कळावयाची असेल, तर त्याच्या आधीचीच एक हकीकत ऐकावी लागेल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्या नभोवाणीवर असे धोरण आले होते, की ज्या गायिकांचे खाजगी आयुष्य लोकांच्या दृष्टीने बदनाम समजले जाते, त्यांना गावयास बोलावू नये. बाईचा स्वर कसा आहे, हे न विचारता तिचा संसार कसा आहे, हे विचारण्यात येऊ लागले. कित्येक गुणी बायकांची त्यामुळे गैरसोय झाली. कित्येकींनी नावापुढची 'बाई' किंवा 'जान' काढून 'देवी' लाविले. असा तो काळ. आणि थोड्याच वर्षांनी त्याच सरकारच्या राष्ट्रपतींच्या पुरस्कारात एका 'बाई'चे नाव आले, आणि ते 'बाई' हा शब्द न गाळता आले. पुरस्काराने केसरबाईंचे गाणे वाढले नाही. ते होते तसेच होते. देशाला मात्र आपली रीत सुधारावी लागली.

दुसरे नाव हिराबाई बडोदेकर यांचे. त्यांना १९६५ साली पुरस्कार मिळाला. १९०५ साली मिरज येथे त्यांचा जन्म झाला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील आणि ताराबाई माने या आई. आईवडिलांचे पुढे पटले नाही, आणि १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या काळी पाच मुलांना घेऊन एकट्या बाईने संसार उभा करावयाचा, हे आपण मनाशी कल्पून पाहावे. पण एकेका मुलाने गाण्यात नाव काढले. सुरेशबाबू माने, हिराबाई आणि सरस्वतीबाई राणे ही तीन नावे तर सर्वांच्या परिचयाची आहेत. हिराबाईंना वहीद खाँ यांची तालीम मिळाली.

हिराबाईंनी एक मोठे काम केले. पूर्वी बाईचे गाणे म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली बैठक असे. तेथे गाण्याबरोबर हावभाव, पानसुपारी आणि मागणीप्रमाणे ठुमरी, असा सारा थाट असे. हिराबाईंनी तिकीट लावून सभागृहात जलसे सुरू केले. अंगभर पदर घेऊन, दोन तंबोऱ्यांच्या मध्ये स्वस्थ बसून, कसलेही हातवारे न करता त्या ख्याल गात. ज्याला ऐकावयाचे त्याने तिकीट काढून, बायकोमुलांना घेऊन यावे. त्यामुळे आपल्यासारख्या घरच्या बायका प्रथमच मैफलीत जाऊन बसू लागल्या. हा बदल फार मोठा आहे. गाणारी बाई आणि ऐकणारी बाई एका छपराखाली आल्या, तेव्हा दोघींच्या मधली भिंत खचू लागली. घरच्या नाट्यसंस्थेच्या नाटकांतही हिराबाई व त्यांच्या बहिणींनी भूमिका केल्या. पुरुषांनी लुगडी नेसून नायिका व्हावयाचे, असे ते दिवस होते. आपल्या झाडीपट्टीतल्या दंडारीतही बाईचे सोंग पुरुषच घेत असत, हे आपल्या घरातली म्हातारी माणसे आजही सांगतात.

तिसरे नाव मोगूबाई कुर्डीकर, पुरस्काराचे साल १९६८. गोव्यातील कुर्डी या गावी १९०४ साली त्यांचा जन्म झाला. वयाच्या दहाव्या वर्षीच आई गेली. मुलीने गाणे शिकावे, हीच त्या माउलीची इच्छा. पोरकी मोगू नाटक मंडळीत राहिली. सांगलीस असता तिचा रियाज रस्त्यावरून जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकविण्यास आरंभ केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे खाँसाहेब मुंबईस गेले, तेव्हा १९२२ साली मोगूबाईही मुंबईस गेल्या. पण तालीम काही सरळ मिळाली नाही. मधल्या काळात त्या खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. अखेर १९३४ साली खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला. म्हणजे सांगलीच्या त्या पहिल्या पाठापासून दहा-बारा वर्षांहून अधिक काळ ही बाई एका गुरूसाठी थांबली होती.

१९३९ साली त्यांचे पती निवर्तले. पदरात लहान मुले. तरी त्यांनी स्वाभिमानाने बैठका केल्या, शिकवण्या केल्या आणि आपल्या थोरल्या मुलीला शिकविले. ती मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. आईची शिस्त इतकी कडक, की आई एक ओळ दोनदा गाई, तिसऱ्यांदा सांगत नसे, असे किशोरीताई सांगत. १९८५ साली हाच अकादमी पुरस्कार किशोरीताईंना मिळाला, आणि पुढे त्यांना अकादमीचे रत्नसदस्यत्वही लाभले. हा मान एका वेळी देशातील चाळीसच हयात व्यक्तींना असतो. आई आणि लेक दोघींची नावे एकाच यादीत यावीत, याहून गोड ओटी कोणत्या माउलीची भरली असेल? मोगूबाई २००१ साली गेल्या, किशोरीताई २०१७ साली. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरते, तेव्हा मूळचे गावकरी तेथे जमून देवाला दिवा लावतात, असे वाचले. गाव बुडाले, पण गावाचे नाव मोगूबाईंच्या आडनावात तरून राहिले.

या तिघींनी वाट केली, तिच्यावरून पुढच्या मुली निर्धास्त चालल्या. डॉ. प्रभा अत्रे या त्यांतल्या एक. त्यांच्या घरी गाण्याची परंपरा नव्हती. त्या पुण्याच्या, पांढरपेशा घरातल्या, कायद्याच्या पदवीधर आणि संगीतात डॉक्टर झालेल्या. त्या गाणे शिकल्या ते सुरेशबाबू व हिराबाई यांच्याकडे. १९९१ साली त्यांना अकादमी पुरस्कार व २०२२ साली पद्मविभूषण मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये त्या निवर्तल्या. चांगल्या घरच्या मुलीने गाणे शिकावे की नाही, असा प्रश्न आता कोणी विचारीत नाही. तो प्रश्न कोणी मिटविला, हे मात्र आपल्या मुलींना सांगावयास हवे.

आता थोडे कटू बोलते. हा मान पुष्कळदा फार उशिरा येतो. केसरबाई त्या वेळी एकसष्ट वर्षांच्या, हिराबाई साठ, मोगूबाई चौसष्ट. आणि लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकर? त्यांना १९९५ साली अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. ख्याल गाणारीला साठीत, तर लावणी गाणारीला ऐंशीत! तमाशाच्या फडातली बाई मानाच्या रांगेत सर्वांत मागे उभी होती, हाच त्याचा अर्थ. विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. तरीही २००२ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत व आजारपणात गेले होते. ज्या बाईच्या नावाने आता सरकार जीवनगौरव पुरस्कार देते, तिच्या औषधपाण्याला पैसे नव्हते. ताम्रपट भिंतीवर शोभतो, पण त्याने चूल पेटत नाही. अकादमीलाही हा उशीर जाणवला असावा. १६ सप्टेंबर २०२३ रोजी, पंचाहत्तरी ओलांडूनही ज्यांना कोणताच राष्ट्रीय सन्मान मिळाला नव्हता, अशा ८४ कलावंतांना दिल्लीत एकदाच विशेष अमृत पुरस्कार देण्यात आले.

योगायोग पाहा, १६ सप्टेंबर हीच केसरबाईंची पुण्यतिथी. त्या १९७७ साली त्याच दिवशी गेल्या. त्याआधी अकराच दिवस, ५ सप्टेंबरला, अमेरिकेने व्हॉयेजर नावाचे यान आकाशात सोडले होते. त्याचे जोडयान ऑगस्टमध्येच गेले होते. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पुढेमागे कोणी परग्रहावरचे भेटले, तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून तिच्यावर जगभरच्या संगीताचे २७ नमुने भरले आहेत. त्यांत हिंदुस्थानचा नमुना एकच, केसरबाईंनी गायिलेली भैरवीतील साडेतीन मिनिटांची चीज. त्याच तबकडीवर ५५ भाषांतून नमस्कार आहेत आणि त्यांत आपली मराठीही आहे. केरीच्या देवळाच्या आवारातला आवाज आज सूर्यमालेच्या पलीकडे चालला आहे. 'बाईमाणसाचा आवाज उंबरठ्याबाहेर जाऊ नये' म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

समारंभाविषयी दोन ओळी लिहून हा विषय संपविते. सन्मानपात्र कलावंताला ताम्रपट, अंगवस्त्र आणि रोख एक लाख रुपये देतात. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात हे पुरस्कार राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते दिले गेले, तसेच ६ मार्च २०२४ रोजीही. १९५३ साली घेणारी एक बाई होती, आता देणारीही बाई आहे. त्याच २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री जाहीर झाली. तो पुरस्कार निराळा, पण दिल्लीची नजर आपल्या झाडीच्या धानाच्या बांध्यांपर्यंत पोचते, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

परंतु दिल्लीची वाट आपण किती पाहावी? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी हिंडून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवी गाणारीचे नाव व गाव नीट टिपून ठेवले. आपल्या शहापुरात आणि आसपासच्या खेड्यांत अजून अशा म्हाताऱ्या आहेत, ज्यांना भुलाबाईची सारी गाणी, रोवणीची गाणी, लग्नातली हळदीची गाणी तोंडपाठ आहेत. त्या गेल्या की ती गाणी गेली. माझ्या आत्याचा गळा जसा कोणी ऐकलाच नाही, तसे यांचे होऊ नये.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदापासून वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या भाषणाआधी आपल्यातील एका वयोवृद्ध गाणाऱ्या बाईला मानाने पुढे बसवावे. खणानारळाने तिची ओटी भरावी, ती विधवा असली तरीही भरावी. तिचे गाणे कोणी तरी मोबाइलवर टिपून घ्यावे आणि तिचे नाव, गाव व गाण्याचे शब्द मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे. खर्च फारसा नाही. वही मी आणून देईन, आणि पहिल्या पानावर कोणाचे नाव लिहावयाचे, ते येत्या बैठकीत सर्व जणींनी मिळून ठरवावे.